जावातली सावली काळी असते

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांविषयी चार शब्द चांगले लिहावेत, असं मनाशी ठरवून बसलो आहे. जमेल असं वाटत नाही. माणूस चांगला होता, हीच खरी अडचण आहे. वाईट असता तर मी त्यांना केव्हाच विसरून गेलो असतो.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या जूनमध्ये ते कोल्हारला आले. प्रवरेच्या काठी मिशनची शाळा होती, सातवीपर्यंतची. मी तिथे ड्रॉइंगमास्तर. नगरला बोर्डिंगात राहून शिकलो होतो, ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा वरच्या वर्गात पास झालो होतो, आणि मी फळ्यावर काढलेली घागर पाहून एकदा इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले होते, "हिच्यात पाणी भरता येईल." हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण मास्तर आल्यानंतर शाळेत ते पुन्हा कुणी सांगितलं नाही.

मास्तर उंच होते आणि खांद्यात वाकलेले. बारा महिने अंगात एकच कोट, आणि कोटाच्या खिशात कात्री. बोलता बोलता हाताला लागेल तो कागद कापायचे. रद्दी, लग्नपत्रिका, एकदा तर हजेरीपटाचं मागचं पान. बोलणं संपेपर्यंत त्यातून उंट नाहीतर बगळा बाहेर पडलेला असे, आणि तो समोरच्याच्या हातात देऊन ते निघून जात. मुलं ते उंट वहीत जपून ठेवत. माझी घागर पुसून टाकत.

त्यांचा भूगोलही असाच. जगात जिथे जिथे सावल्यांचा खेळ होतो, तेवढेच देश त्यांच्या लेखी खरे. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे कातड्याची बाहुली, आणि पडद्यावर तिची सावली. "देश ओळखायचा असेल तर तिथे कशाचं कातडं कापतात ते विचारा," असं ते वर्गात सांगत. तुर्कस्तानात उंटाचं, चीनमध्ये गाढवाचं, जावात म्हशीचं, मलबारात हरणाचं. सहामाहीत एका मुलाने लिहिलं, 'चीन देशाचे मुख्य उत्पन्न गाढवाच्या बाहुल्या हे होय.' मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाकीच्यांनी तांदूळ लिहिलंय. ते पुस्तकातच आहे. हे त्याने लक्षात ठेवलं."

आणखी एक खोड होती. रस्त्याने चालताना ते कुणाच्या सावलीवर पाय देत नसत. सकाळी बायका नदीवरून भरल्या घागरी घेऊन चढावर येत, त्यांच्या लांबच लांब सावल्या रस्त्यावर आडव्या पडत, आणि आमचे मास्तर धोतराचा सोगा धरून त्यांच्यामधून उड्या मारत शाळेला येत. बायका तोंडाला पदर लावून हसत. मास्तरांना त्याचं काही नसे.

या खोडीमुळेच ते आमच्या घरात शिरले.

माझे वडील, आबा, कातडी कमावत. गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या कडेला आमचे चुन्याचे खड्डे होते. आजोबांच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो, रविवारी चर्चमध्ये बसू लागलो, पण धंदा तोच राहिला आणि त्याचा वासही. बोर्डिंगातून पहिल्यांदा सुट्टीला आलो तेव्हा तो वास मला जाणवला, आणि मग जाणवायचा कधी थांबलाच नाही. खड्ड्यांकडे मी फिरकत नसे. आबांनीही कधी हाक मारली नाही. पोरगा शिकून मास्तर झाला, हात स्वच्छ राहिले, यातच त्यांना आनंद आहे अशी मी समजूत करून घेतली होती.

एका बाजारच्या दिवशी आबा खांद्यावर कातडं टाकून चालले होते. समोरून मास्तर आले, आबांच्या सावलीपुढे थबकले आणि रस्ता सोडून गटाराच्या कडेने वळसा घालून गेले. आता, आबांचं सगळं लहानपण सावली सांभाळण्यातच गेलेलं. वाण्याच्या ओट्यावर ती पडू नये म्हणून कोणत्या वेळेला रस्त्याच्या कोणत्या अंगाने चालायचं, हे त्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक. त्यांचं डोकं फिरलं.

"मास्तर," ते म्हणाले, "शिकल्या-सवरल्या मानसानं तरी आसं करू न्हाई. आमच्या सावलीनं कुनी मरत न्हाई."

मास्तर ओशाळले. "अहो, विटाळ नाही हो. मी कुणाच्याच सावलीवर पाय देत नाही. तुमच्या नाही, मामलेदाराच्याही नाही. सावली म्हणजे माणूसच की. तुडवायची कशी?"

आबांनी खांद्यावरचं कातडं सावरलं. मग म्हणाले, "या घरी."

संध्याकाळी मी शाळेतून परत आलो तर मास्तर आमच्या अंगणात कातड्यांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसलेले. त्यांच्या नाकाला रुमाल लावलेला असेल, असं मला वाटलं होतं. नव्हता. ते आबांना एकामागून एक प्रश्न विचारत होते. चुना कुठला, केस कसे निघतात, पाणी कितीदा बदलायचं. आणि आबा, जे माझ्याशी दिवसाकाठी दहा शब्द बोलत, ते बोलत सुटले होते.

"ल्हानपनी कानडी मुलखातनं सावलीचं खेळवालं यायचं," आबा सांगत होते. "चावडीम्होरं पडदा लावायचं. आमाला म्होरं बसू द्यायचं न्हाईत. आमी पडद्याच्या मागं, लांब. सावली काय आमाला कदी दिसली न्हाई. नुसता दिवा आन् त्या मानसाची पाठ."

"जावात तिकडे यजमान बसतो," मास्तर म्हणाले.

"म्हंजी?"

"तिथे पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसं बसतात. ज्याच्या घरचा खेळ असेल तो आणि त्याचे पाहुणे मागच्या बाजूला. बाहुल्या सोनेरी रंगवलेल्या असतात, त्या बघायला मिळाव्यात म्हणून. समोरच्यांना नुसती सावली."

आबांना हे कळायला थोडा वेळ लागला. मग ते हसायला लागले. मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजी आमी मानाचं बसलो हुतो म्हना की! आन् पाटील म्होरं!"

माझ्या उभ्या आयुष्यात मी आबांना असं हसवलं नव्हतं. मी दारात उभा राहून मनात म्हणालो, यात एवढं हसण्यासारखं आहे काय?

त्यानंतर मास्तर रोज येऊ लागले. आठ दिवसांत ते आबांना 'आबा' म्हणू लागले. कुणाला विचारून, कोण जाणे. आमच्या घरी एकच पाट बरा होता, तो त्यांना मिळू लागला. मी एकदा सुट्टीत चार दिवस खपून कोळशाने आबांचं चित्र काढलं होतं, काच लावून आणलं होतं. आबा म्हणाले होते, "चांगलं हाय," आणि ते दाराच्या मागच्या भिंतीवर गेलं होतं. मास्तरांनी एके दिवशी गप्पा मारता मारता काळ्या कागदातून आबांचा एका बाजूचा चेहरा कापला. नाक, मिशी, पागोट्याचं टोक. दोन मिनिटांचं काम. आबांनी तो कागद फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि आल्या-गेल्याला काढून दाखवू लागले. "बगा, मीच हाय का न्हाई?" लोक म्हणत, "व्हय, लई झ्याक." तेच लोक दार लोटून जाताना माझ्या चित्राकडे पाहतसुद्धा नसत.

मत्सराला काम लागतं. मला ते लवकरच मिळालं. माझा एक मावसभाऊ मुंबईच्या गोदीत होता. त्याच्याकडून कळलं की मास्तर पूर्वी तिथेच एका गोदामात कारकून होते आणि उभ्या जन्मात बोटीवर चढलेले नव्हते. ही बातमी मी दोन दिवस जिभेवर घोळवली आणि जेवताना आबांना सांगितली.

"मास्तर ना जावाला गेलेत ना चीनला. सगळं ऐकीव आहे."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग? आपला पाद्री तरी कुटं गेल्ता येरुशलेमला?"

मग मी दुसऱ्या दिवशी मास्तरांनाच गाठलं. मला त्यांची फजिती बघायची होती. त्यांनी कात्री खिशात ठेवली आणि म्हणाले, "मी कधी म्हटलं, गेलो होतो म्हणून? वीस वर्षं गोदीत होतो. जेवणाच्या सुट्टीत खलाशांना एकच विचारायचो, तुमच्या मुलखात सावल्यांचा खेळ असतो का? ते गोण्यांवर खडूने काढून दाखवायचे." मग त्यांनी सांगितलं की बसऱ्याच्या एकाने रमजानातल्या कॉफीच्या दुकानांची गोष्ट सांगितली होती. दिवसभराचा उपास सुटला की तिथे लोक दाटीवाटीने खेळ बघायला बसतात, आणि पडद्यावरचा एक अडाणी दुसऱ्या शहाण्याला असा काही बोलतो की हसून हसून उपासाचा शीण जातो. बोटीच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्या एका चिनी आगवाल्याने राजाची गोष्ट सांगितली होती. राजाची आवडती राणी मेली, त्याने अन्न सोडलं. तेव्हा एका माणसाने पडद्याआड दिवा लावून तिची सावली चालवली, आणि राजा जेवला. तिथून हा खेळ सुरू झाला म्हणे.

"हे खरं असेल?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण सांगताना तो रडला."

मी त्यांना पकडायला गेलो होतो आणि तोंड उघडं टाकून ऐकत बसलो. भानावर आलो तेव्हा माझा चौथीचा तास बुडाला होता. याचाही राग मी त्यांच्यावरच काढला.

आता हरणाकडे येतो. तेवढं टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

नाताळात शाळेत खेळ करायचा असं ठरलं. बायबलातली महापुराची गोष्ट, ती मोठी नाव आणि तिच्यातल्या जनावरांच्या जोड्या. कागदाच्या नाही, खऱ्या कातड्याच्या बाहुल्या करायच्या. आबांनी कातडं देण्याचं कबूल केलं. श्रीगोंद्याकडून त्यांचा मेहुणा काळविटाचं कातडं घेऊन आला, शेतात कुत्र्यांनी मारलेल्या हरणाचं. आबांनी ते चुन्यात घातलं. तेवढ्यात मास्तरांना पंधरा दिवस शिक्षकांच्या वर्गासाठी नगरला जायचा हुकूम आला. सर्व्हिस मोटारीच्या पायरीवर पाय ठेवून ते मला म्हणाले, "आबांना तेवढं सांगा. चुन्यातून काढलं की केस आणि मांस खरवडायचं आणि ताणून वाळवायचं. बस्स. बाभळीच्या सालीच्या पाण्यात घालायचं नाही. साल लागली की संपलं, उजेड पलीकडे जायचा नाही."

"सांगतो," मी म्हटलं.

घरी आलो. आबा खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी विचारलं, "मास्तर काय म्हनलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "चांगलं करा म्हणाले."

कातडी कमावणाऱ्याच्या लेखी चांगलं करणं म्हणजे काय, हे न शिकताही मला माहीत होतं. कच्चं कातडं कुणाच्या हातात देणं म्हणजे आबांना उघड्या अंगाने बाजारात जाण्यासारखं. आबांनी कोवळ्या बाभळीची साल स्वतः जाऊन काढून आणली. कातडं पिशवीसारखं शिवलं, सालीचं पाणी भरून झाडाला टांगलं. पाझरलेलं पाणी पुन्हा पुन्हा वर ओतायचं. दिवसातून किती वेळा, मी मोजलं नाही. रोज सकाळी मी अंगणात दात घासत उभा राहून ते बघत होतो. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. पंधरा दिवस होते.

मास्तर परत आले त्या दुपारी आबांनी ते कातडं दोन्ही हातांवर पसरून त्यांच्यापुढे धरलं. मधासारखा रंग, रेशमासारखं मऊ. "आसं मी आजवर कुनाला दिलं न्हाई," आबा म्हणाले.

मास्तरांनी ते दारात नेऊन उजेडाला धरलं. पलीकडचं काहीच दिसेना.

"काय बगता, मास्तर? एक भोक न्हाई त्याला."

मास्तर वळले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी तोंड देऊ शकलो असतो. ते नुसते पाहत होते, आणि मी दोरीवरचं धोतर वाळलंय का ते चाचपायला लागलो. मग ते म्हणाले, "आबा, माझी चूक झाली. एक गोष्ट सांगायची राहून गेली." आणि त्यांनी सालीचं सांगितलं.

आबा खाली बसले. त्यांचे हात तसेच पुढे होते, कातडं धरल्यासारखे. "म्हंजी वाया गेलं?"

मास्तरांनी कातडं बोटांनी चाचपलं. मग त्यांनी कात्री काढली. "कोण म्हणतं वाया गेलं? चीनमध्ये सावलीत रंग लागतो. जावात सावली काळीच असते. तिथे कातडं जाडच घेतात आणि त्याला हजार भोकं पाडतात. उजेड कातड्यातून जात नाही, भोकांतून जातो. पण मला असली बारीक भोकं पाडता येणार नाहीत. तुमच्या आरीशिवाय हे व्हायचं नाही, आबा."

आबांनी वर पाहिलं. "किती भोकं?"

मला त्या माणसाचा जेवढा राग त्या क्षणी आला तेवढा आधी कधी आला नव्हता. मी खोटं बोललो होतो आणि त्याने माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. वर त्यातून माझ्या बापाला मोठं करून ठेवलं होतं.

महिनाभर दोघे अंगणात बसून आरीने भोकं पाडत होते. मऊ कातडं उभं राहीना म्हणून आबांनी पाठीमागून बांबूच्या कामट्या शिवल्या. मास्तरांनी मला विचारलं, "ड्रॉइंगमास्तर, हत्ती तेवढा तुम्ही काढून द्या. माझा हत्ती डुकरासारखा होतो." मी म्हटलं, मला पेपर तपासायचे आहेत. मग त्यांनी तसाच कापला. तो डुकरासारखाच झाला, आणि खेळात सर्वांत जास्त हशा त्यालाच मिळाला.

रॉकेल रेशनवर होतं, म्हणून खेळ भर दुपारी झाला. वर्गाच्या खिडक्या गोणपाटाने बुजवल्या, एक झरोका मोकळा ठेवला आणि बाहेरून आरशाने ऊन आत पाडायचं ठरलं. आरसा धरायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे ज्या खेळाबद्दल गाव पुढे दोन वर्षं बोलत होतं, तो मी पाहिलेला नाही. मी बाहेर उन्हात उभा राहून सूर्य सरकेल तसा आरसा सरकवत होतो आणि आतून हशा ऐकत होतो. मध्येच एकदा आरसा कलला. हात अवघडला होता, की माझ्या मनातच काही आलं, ते आजही मला नक्की सांगता येत नाही. आत मिट्ट अंधार झाला असणार. तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला, "आभाळ भरून आलं! चला, चला, नावेत चला!" आणि दीडशे पोरं ओरडली. मी आरसा मुकाट्याने सरळ केला.

आबा मास्तरांबरोबर पडद्यामागे, यजमानाच्या जागी बसले होते. खेळ संपल्यावर डोळे मिचकावत बाहेर आले आणि मला म्हणाले, "आरसा बरा धरलास." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मास्तर गाव सोडून गेले. सावंतवाडीकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ अजून चालतो, असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी राजीनामा दिला आणि निघाले. पत्रं येत ती आबांच्या नावाने. आबांना वाचता येत नसे, मीच वाचून दाखवत असे. एका पत्रात त्यांनी मलबारातल्या खेळाबद्दल लिहिलं होतं. तिथे देवीपुढे रात्रीमागून रात्री खेळ चालतो, समोर एकही माणूस नसला तरी चालतो, कारण तो माणसांसाठी नसतोच. आबांनी हे मला तीन वेळा वाचायला लावलं. पत्राच्या शेवटी आबांच्या हातांबद्दल, तब्येतीबद्दल मायेने काहीबाही लिहिलेलं असे. त्यातलं थोडं मी गाळत असे.

स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी आबा अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होतो. ते दोन घास खाऊन थांबले आणि मला वाटलं, आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल.

"आबा, ते हरणाचं कातडं. मास्तर विसरले नव्हते. निरोप माझ्याजवळ दिला होता. मी तुम्हाला सांगितला नाही."

आबांनी डोळे उघडले नाहीत. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. मास्तरानं कातडं उजेडाला धरलं, आन् तुज्याकडं बगितलं. तवाच."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

त्यांनी वाटी हाताने बाजूला सारली.

"काय बोलायचं? जलमात तू माज्या कातड्याकडं बगितलं न्हाईस. येकदा ध्यान घातलंस, ते बी नासवाया. मी म्हनलं, घातलं तर खरं."

मी वाटी खाली ठेवली. मग मी विचारलं, "चुन्यात किती दिवस ठेवायचं असतं, आबा?"

"आता कशाला?"

"सांगा ना."

त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात किती, थंडीत किती, अंगठ्याने केस सरकतात का ते कसं बघायचं, पाणी कसं ओळखायचं. मध्ये दम लागला, थांबले, पुन्हा थोडं बोलले. मग कुशीवर वळले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

मास्तरांना त्यांनी हेच सांगितलं होतं तेव्हा मी दारात उभा राहून ऐकत होतो. तेव्हा दिवेलागण झाली तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.